मांडीवरचे आसन
(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पुराणकथांच्या नव्या रूपांविषयी मी बोलावे, अशी आयोजकांची इच्छा होती. विषय आजचाच आहे. २०१० साली अमीश यांची मेलुहावरची कादंबरी आली. तिच्यापाठोपाठ इंग्रजीतून लिहिणाऱ्या आपल्याकडील लेखकांनी शिव, राम, रावण, कर्ण यांच्याभोवती गुंफलेल्या अद्भुतकथांची जणू रांगच लावली. आनंद नीलकंठन यांनी तर आधी रावणाच्या आणि मग दुर्योधनाच्या बाजूने उभे राहून सगळी कथाच उलटी सांगितली. ही पुस्तके आपल्या घरांतून वाचली जातात. मुले आवडीने वाचतात आणि आई-वडील धास्तावतात. मागे एक गृहस्थ माझ्याकडे आले नि म्हणाले, “सर, आमची कन्या म्हणते, दुर्योधनावर अन्याय झाला. तिला काय सांगू?” मी त्यांना तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. ते मला नंतर बोचत राहिले, कारण हाच प्रश्न त्याआधी कितीतरी वर्षे माझ्यासमोर आला होता आणि तेव्हा मी त्याचे उत्तर चुकविले होते.

तो प्रसंग सांगूनच विषयाकडे वळतो. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवीत असे. स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. दहावीतल्या एका विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली एकांकिका आणून दाखविली. मांडी फुटलेला दुर्योधन समंतपंचकात एकटा पडला आहे, रात्र होत आली आहे आणि गांधारी चाचपडत त्याला शोधीत येते, एवढाच प्रसंग. लिहिले होते उत्तम. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आले आणि त्याच कारणाने मी ती एकांकिका कार्यक्रमातून काढून टाकली. ज्याने भर सभेत कुलस्त्रीला मांडी उघडी करून दाखविली, त्याच्यासाठी आमच्या मुलांनी रडायचे, हे मला पटेना. मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन गेला. दहा-बारा वर्षांनी तो एकदा घरी आला, तेव्हा त्याच्या हातात एक लहानसे पुस्तक होते. म्हणाला, “सर, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तुम्हांलाही नसावे.” ते भासाचे ‘ऊरुभंग’ होते. मी ते त्याच रात्री वाचले. मूळ संस्कृत संहिता आणि खाली मराठी अर्थ. एकाच अंकाचे नाटक. तास-दीड तासात संपते.

आजचे माझे बोलणे त्या एका अंकावर आहे.

ताडपत्रांतून परतलेला कवी

भास कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत आपल्या आधीच्या कीर्तिमान नाटककारांची नावे घेतली, त्यांत भासाचे नाव आहे. पण कालिदासाने ज्याच्यापुढे संकोच दाखविला, त्याचे एकही नाटक विसाव्या शतकापर्यंत अभ्यासकांच्या हाती नव्हते. १९०९ च्या सुमारास त्रावणकोर संस्थानात पं. टी. गणपतिशास्त्री यांना मल्याळम लिपीतील ताडपत्रांचे एक बाड मिळाले. १९१२ पासून त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेत ही नाटके प्रसिद्ध होऊ लागली. एकूण १३ नाटके. ती सगळी एकाच हातची आहेत काय, त्यांतील किती भासाची, यावर पंडितांत आजही वाद आहे. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही.

आपल्या दृष्टीने एक नाते मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभ आणि १९६६ मध्ये मुख्य ग्रंथाची पूर्ती, असा तो यज्ञ. १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादकपद सांभाळणारे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याआधी भासाच्या नाटकांचे अभ्यासक होते. म्हणजे व्यासांचे मूळ शब्द निवडून काढण्यासाठी शेकडो हस्तलिखिते पारखणारा हा विद्वान, व्यासांची कथा सर्वाधिक धीटपणे बदलणाऱ्या कवीच्या सहवासात आधी राहून आला होता. मला हा योगायोग फार आवडतो. ‘मूळ कथा’ असे आपण ज्याला म्हणतो, तिच्यातही आपल्या आज्यांनी, कीर्तनकारांनी आणि अलीकडे दूरदर्शनने किती भर घातली आहे, हे या आवृत्तीमुळे कळते. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य घरोघरी सांगितले जाते. चिकित्सित आवृत्तीत ते नाही.

भासाने काय बदलले?

शल्यपर्वातील कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. गदायुद्धात भीम नियम मोडून दुर्योधनाच्या मांड्यांवर प्रहार करतो. पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकाला लाथ मारतो. बलराम संतापून नांगर उचलतो, त्याला श्रीकृष्ण आवरतो. मग अश्वत्थामा येतो. मरणासन्न दुर्योधन त्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवितो आणि त्या रात्री झोपेतल्या पांचालांची नि द्रौपदीच्या पाच पुत्रांची कत्तल होते. पहाटे ती वार्ता ऐकून दुर्योधन समाधानाने प्राण सोडतो. सौप्तिकपर्वातील ते समाधान वाचताना आजही अंगावर काटा येतो. व्यासांचा दुर्योधन शेवटच्या श्वासापर्यंत बदललेला नाही.

भास हीच संध्याकाळ घेतो आणि जवळजवळ सगळे उलटे करतो. प्रारंभी तीन सैनिक येऊन रणभूमीचे वर्णन करतात. युद्ध एक यज्ञ झाले आहे आणि क्षत्रिय त्यातील पशू. गदायुद्ध आपल्याला त्यांच्याच डोळ्यांनी दिसते. मग संतप्त बलराम येतो आणि त्याच्यामागून, फुटलेल्या मांड्या घेऊन, हातांवर देह ओढीत दुर्योधन येतो. इथे बलरामाला शांत करतो तो दुर्योधन! जे व्हायचे ते झाले, आता वैर पुरे, असे तो गुरूला विनवितो. आणि भीमाने आपल्याला फसविले, हे तो मानीत नाही. त्याच्या मते भीमाच्या गदेत साक्षात श्रीहरी शिरला आणि जगाला प्रिय असलेल्या त्या हरीनेच आपल्याला मृत्यूच्या हाती दिले. पराभव कोणाकडून झाला, यातही या मानी पुरुषाने आपली पायरी सोडली नाही, असे मला वाटते. भीमाकडून हरणे त्याला मान्य नाही. देवाकडून हरणे मान्य आहे.

यानंतरचा प्रवेश हा नाटकाचा प्राण. धृतराष्ट्र, गांधारी, दोन राण्या आणि दुर्जय नावाचा लहान मुलगा रणात दुर्योधनाला शोधीत येतात. आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई. प्रेतांनी भरलेल्या मैदानात त्या दोघांना वाट दाखविणारे डोळे आहेत ते या पोराचे. महाभारतात दुर्योधनाचा पुत्र लक्ष्मण. तो अभिमन्यूच्या हातून आधीच मारला गेलेला. दुर्जय ही सर्वस्वी भासाची निर्मिती.

आणि हा दुर्जय बापाला पाहताच काय मागतो? मला मांडीवर घे, म्हणतो. दमलो आहे, म्हणतो.

बंधू-भगिनींनो, या ठिकाणी मी पुस्तक खाली ठेवले होते. दुर्योधनाची मांडी म्हटली की आपल्याला एकच प्रसंग आठवतो, द्यूतसभेतला. द्रौपदीला दाखविलेली ती मांडी. भीमाने जिच्यासाठी प्रतिज्ञा केली, ती मांडी. हजारो वर्षे त्या अवयवाला दुसरी ओळखच नव्हती. आणि हा कवी सांगतो की तीच मांडी एका पोराची नित्याची बसायची जागा होती. अपराधाचे स्थान आणि वात्सल्याचे स्थान एकच. दुर्योधन मुलाला सांगतो की आता दुसरीकडे कुठेही बस, तुझे हे ओळखीचे आसन आजपासून राहिले नाही. भीमाची गदा जिथे पडली, तिथे एका अपराध्याला शासन झाले, हे खरेच. आणि एका निरपराध मुलाची जागा गेली, हेही तितकेच खरे. कवीने एकही शब्द न उच्चारता दोन्ही गोष्टी आपल्यासमोर ठेवल्या आहेत.

त्यानंतर दुर्योधन मुलाला शेवटचा उपदेश करतो. माझी करावीस तशी पांडवांची सेवा कर. कुंतीमातेची आज्ञा पाळ. अभिमन्यूची आई सुभद्रा आणि द्रौपदी, दोघींना आईसारखे मान. मला तिलांजली देताना युधिष्ठिराच्या हाताला हात लावून, पांडवांच्या बरोबरीने दे. ज्या द्रौपदीला दासी म्हटले, तिला मुलाने माता म्हणावे, हे तो मरता मरता सांगतो. आणि गांधारीला तो म्हणतो की माझ्या गाठी काही पुण्य असेल, तर पुढच्या जन्मीही तूच माझी आई हो.

ग्रीकांचा अजॅक्स

पाश्चात्त्यांच्या शोकांतिकांची आपल्याकडे मोठी वाखाणणी होते आणि ती योग्यच आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. मराठी रंगभूमीने या शोकांतिकांचे ऋण प्रामाणिकपणे मान्य केले आहे. म्हणून तुलना करतो ती हिणविण्यासाठी नव्हे.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये सॉफोक्लीजने ‘अजॅक्स’ लिहिले. कथा त्यांच्याही पुराणातली, ट्रॉयच्या युद्धातली. ॲकिलीजची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली, या अपमानाने पेटलेला अजॅक्स सेनानायकांना मारायला निघतो. अथीना देवी त्याला वेड लावते आणि तो शत्रू समजून गुराढोरांची कत्तल करतो. शुद्धीवर आल्यावर ही अप्रतिष्ठा सहन न होऊन तो आत्मघाताचे ठरवितो. त्याआधी तो आपल्या लहान मुलाला बोलावतो, त्याच्यासाठी आपली ढाल ठेवतो आणि सांगतो की तुझे नशीब माझ्याहून चांगले असो, बाकी सर्व बाबतींत माझ्यासारखा हो. तू कोणाच्या पोटी आलास, हे माझ्या शत्रूंना दाखवून दे. मग नायकांना शाप देत तो तलवारीवर कोसळतो. त्याच्या प्रेताला अंत्यसंस्कार मिळावा म्हणून भांडतो तो मात्र त्याचा वैरी ओडिसियस. हा शेवट थोर आहे, यात शंका नाही.

पण दोन बाप शेजारी उभे करून पाहा. दोघेही मानी, दोघेही अपमानाने जळलेले, दोघांच्याही पुढे अजाण मूल. अजॅक्स मुलाला आपले वैर वारशात देतो. भासाचा दुर्योधन वैर आपल्याबरोबर चितेवर नेऊ पाहतो. ॲरिस्टॉटलने लिहिले आहे की अगदी दुष्ट माणसाच्या पतनाने प्रेक्षकाच्या मनात करुणा वा भय उत्पन्न होत नाही. आपल्या नाट्यशास्त्राने नायकाचा मृत्यू रंगमंचावर दाखवू नये, असे म्हटले. भासाने एका अंकात दोन्हीकडच्या आचार्यांना बाजूला सारले. दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो आणि प्रेक्षक रडतात.

तो मरण्याचा क्षण म्हणजे नुसती अद्भुतकथा आहे. शंतनू आदी पितर दिसू लागतात. कर्णाला पुढे करून शंभर भाऊ उभे राहिलेले दिसतात. ऐरावतावर, इंद्राचा हात धरून, बालकाच्या झुलपांचा अभिमन्यू दिसतो आणि तो रागावलेला आहे! हे मला विलक्षण वाटते. अप्सरा आल्या, समुद्र मूर्तिमंत होऊन आले, गंगा आदी नद्या आल्या, हजार हंस जुंपलेले विमान आले. पण त्या स्वर्गीय मिरवणुकीतही ज्याला अनेकांनी मिळून मारले, तो पोर रागावलेलाच आहे. कवीने दुर्योधनाला स्वर्ग दिला. अभिमन्यूचा राग मात्र पुसून टाकला नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी काय सांगायला हवे होते

माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. अश्वत्थामा येऊन सूडाची भाषा करतो, तेव्हा दुर्योधन त्याला थांबवू पाहतो आणि स्वतःच्या तोंडाने आपली पापे मोजतो. केस धरून ओढलेली द्रौपदी, रणात मारलेला तो पोरवयाचा अभिमन्यू, कपटाच्या फाशांनी वनात हाकललेले पांडव. यांच्यापुढे त्यांनी माझे केले ते थोडेच, असे तो म्हणतो. भासाने दुर्योधनाचा एकही अपराध झाकलेला नाही. उलट, व्यासांच्या दुर्योधनाने जे कधी कबूल केले नाही, ते त्याच्याकडून वदवून घेतले. म्हणून आपल्या डोळ्यांतले पाणी लबाड ठरत नाही.

आज जी नवी पुस्तके निघतात, त्यांतील कित्येकांची मला हीच अडचण वाटते. नायक बदलला म्हणून तक्रार नाही. भासाचेच ‘पंचरात्र’ घ्या. त्यात द्रोणाचार्य गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठी अर्धे राज्य मागतात, पाच रात्रींत पांडवांचा शोध लागल्यास देईन, असे दुर्योधन कबूल करतो आणि दिलेला शब्द पाळतो. म्हणजे भारतीय युद्धच टळते! याहून मोठा बदल कोणता लेखक करणार? ‘कर्णभारा’त कवच-कुंडलांचे दान वनपर्वातून उचलून थेट कर्णाच्या अखेरच्या युद्धाच्या तोंडावर आणले आहे. आणि मूळ कथेतला कर्ण इंद्राकडून मोबदल्यात शक्ती मागून घेतो, तर भासाचा कर्ण काहीच मागत नाही. ‘दूतवाक्या’त तर सुदर्शन चक्र माणसासारखे रंगमंचावर येऊन बोलते. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या या परंपरेत ज्यांना कल्पनेची भीती वाटली नाही, त्यांचे आपण वंशज आहोत. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसायला प्रेक्षकांना कोणी शिकवावे लागले नाही आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. पुराणकथा नव्याने सांगणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना फार चांगले कळते.

अडचण येते ती द्यूतसभा वगळली की. खलनायकाविषयी कळवळा निर्माण करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ज्याचे नुकसान झाले, त्याला कथेतून हलविणे. माझ्या विद्यार्थ्याच्या एकांकिकेत द्रौपदीचे नावही नव्हते, हे मला आज आठवते. म्हणजे माझी हरकत अगदीच निराधार नव्हती. परंतु ‘बाळ, तिला आण. एका वाक्यात का होईना, पण आण. मग मी पहिल्या रांगेत बसून रडेन’ असे म्हणायचे सोडून मी नाटकच बंद केले. पंधरा वर्षांच्या मुलाने जे अर्धे गाठले होते, ते पुरे करून घेणे हे माझे काम होते. त्यानंतर त्याने पुन्हा नाटक लिहिले नाही. आज तो एका कारखान्यात चांगल्या पदावर आहे, सुखी आहे. पण तो दुवा तुटला तो माझ्या हाताने.

त्या गृहस्थांच्या कन्येला मी आता असे सांगेन, की दुर्योधनासाठी तुला वाईट वाटले, हे चांगले झाले. पुस्तक पुन्हा उघड आणि त्यात द्रौपदी कुठे उभी आहे, ते शोध. ती दिसली तर पुढे वाच. दिसली नाही, तर लेखकाने तिला कुठे ठेवले, ते सभापर्वात जाऊन पाहा. एवढा अभ्यास घरच्या घरी, जेवणाच्या वेळी बोलता बोलताही होऊ शकतो. ‘ऊरुभंग’ तर एका बैठकीत मोठ्याने वाचता येते. कावालम नारायण पणिक्कर यांनी ते संस्कृतात आणि रतन थिय्याम यांनी मणिपुरीत रंगभूमीवर आणले. आपल्या शाळांनी करून पाहायला काय हरकत आहे?

एक गोष्ट राहिली आणि ती न सांगता गेलो, तर मीही कथेतला गैरसोयीचा भाग वगळल्यासारखे होईल. दुर्योधन इतका निवळला, वैर सोडून द्या म्हणाला. पण अश्वत्थामा ऐकत नाही. रात्री पांडवांना जाळून टाकीन, अशी प्रतिज्ञा करतो आणि तिथल्या तिथे, अभिषेकावाचून, केवळ ब्राह्मणाच्या शब्दाने दुर्जयाला राजा म्हणून घोषित करतो. ते ऐकल्यावर मरणाऱ्या बापाला काय वाटते? माझ्या मनासारखे झाले, असे तो म्हणतो. म्हणजे सिंहासन सुटले नव्हतेच. पांडवांची सेवा कर, असे ज्या मुलाला घटकेपूर्वी सांगितले, तोच मुलगा पांडवांच्या विरोधातला राजा झाला आणि बापाला बरे वाटले. भासाने ही गाठ सोडविलेली नाही. दुर्योधन स्वर्गाला जातो. धृतराष्ट्र तपोवनाची वाट धरतो. अश्वत्थामा शस्त्र उचलून अंधारात निघून जातो. पांडवांच्या शिबिरात त्या वेळी द्रौपदीची पाच मुले झोपलेली आहेत.